कोलोनोस्कोपी सांगितलीये? तयारी कशी करायची आणि नंतर काय सांभाळायचं

डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, लिहून दिली की घरात पहिला प्रश्न येतो, दुखतं का हो? तर बहुतेक ठिकाणी गुंगीचं औषध देतात, त्यामुळे काही कळतही नाही, वीस-तीस मिनिटांत आटपतं, कधी थोडा जास्त वेळ लागतो. त्रास जो काय आहे तो आदल्या संध्याकाळपासून आहे, संडासात. आणि तपासणी नीट होणार की नाही हे पण तिथेच ठरतं, कारण आत कॅमेरा गेला तरी आतडं साफ नसेल तर डॉक्टरांना दिसणार काय? छोटा चपटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेली वाढ, मळाखाली लपला तर तो राहून जातो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आपण निवांत. नाहीतर डॉक्टर सांगतात, साफ नाहीये, परत तयारी करून या. म्हणजे पोट साफ करायचं औषध परत प्यायचं, परत पैसे, परत सुट्टी. त्यामुळे घरातल्यांची आणि माझी स्वतःची झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की सगळा जोर तयारीवर लावायचा, बाकीचं हॉस्पिटलवाले बघून घेतात.

एक सांगून ठेवते, हॉस्पिटलमधून छापील कागद मिळतो, त्यात वेळा आणि औषधाचं माप दिलेलं असतं. इथलं काही आणि तिथलं काही वेगळं वाटलं तर कागदाचं ऐकायचं, कारण तुमचं वय, किडनी, शुगर, हार्ट हे बघून त्यांनी ते दिलेलं असतं.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारायच्या गोष्टी

सगळ्यात आधी चालू गोळ्यांची यादी काढा, नावं पाठ नसतील तर सरळ पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, ॲपिक्सॅबॅन असं काही, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने चालू पण ठेवू नका. पॉलिप काढावा लागला तर रक्तस्राव होऊ शकतो म्हणून त्या थांबवायच्या की नाही, किती दिवस, हे पोटाचे डॉक्टर आणि हार्टचे डॉक्टर मिळून ठरवतात. स्टेंट टाकलेला असेल तर हे अजूनच महत्त्वाचं. नुसती ॲस्पिरिन असेल तर बऱ्याचदा चालू ठेवायला सांगतात, पण विचारा.

लोहाची गोळी साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करतात, तिच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो आणि आतड्याच्या भिंतीला धरून बसतो. इसबगोल पण बंद. बद्धकोष्ठाचा जुना त्रास असेल तर ते आधीच बोला, अशा लोकांना नेहमीच्या डोसने पोट पूर्ण साफ होत नाही, डॉक्टर दोन दिवस आधीपासून काहीतरी जादा देतात.

डायबिटीस असेल तर जरा नीट लक्ष द्या, कारण एक दिवस जवळजवळ काही खायचं नाहीये आणि गोळ्या-इन्सुलिन तसेच घेतले तर शुगर धाडकन खाली जाते. कुठली गोळी कमी करायची, इन्सुलिन किती घ्यायचं हे लिहून घ्या, तोंडी ऐकलेलं विसरतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर त्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, उपाशी पोटी त्यांनी रक्तात ॲसिड वाढण्याचा धोका असतो आणि त्यात शुगर नॉर्मल दिसते म्हणून लवकर कळत पण नाही. वजनासाठी किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, पोट उशिरा रिकामं होतं त्याने. आणि शुगरवाल्यांनी सकाळचा पहिला नंबर मागून घ्यायचा, लाजायचं नाही.

अजून एक, मेडिक्लेम. नुसती तपासणी म्हणून कोलोनोस्कोपी केली तर बहुतेक पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. पॉलिप काढला तर डे केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत, बसू शकतं. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला, म्हणजे मेडिक्लेमचं बघणाऱ्या काउंटरला, आधी विचारून ठेवा, नंतर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही, त्या वेळी डोकं पण जागेवर नसतं.

दोन-तीन दिवस आधीचं जेवण

इथे आपल्या मराठी घरांची गंमत होते, कारण एरवी ज्याला आपण चांगलं जेवण म्हणतो ते सगळं बंद आणि ज्याला नावं ठेवतो ते चालू. ज्वारी-बाजरीची भाकरी बंद, नाचणी बंद, मेथी, पालक, अळू, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, वांगं, काकडी, टोमॅटो बंद. मटकी, चवळी, हरभरा, सगळ्या उसळी बंद. पेरू, सीताफळ, अंजीर, डाळिंब, द्राक्षं, किवी नको. आणि बिया, बियांचं जास्त लक्षात ठेवा, तीळ, जवस, शेंगदाणे, खसखस, या पोटात दोन-तीन दिवस रेंगाळतात आणि कॅमेऱ्याच्या नळीत अडकतात. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे कशात नसतं ते सांगा, काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, वांग्याची भाजी, म्हणून स्वयंपाक करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा. चटणी ताटात नकोच.

मग खायचं काय? पांढरा मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, दही-भात, ताक, इडली, रव्याचा साधा उपमा ज्यात भाज्या आणि डाळी नाहीत, पांढरा ब्रेड, उकडलेलं अंडं, पनीर, बटाटा साल काढून, आणि खाणाऱ्यांसाठी मासे किंवा चिकन कमी मसाल्याचं. पोहे चालतात पण दाणे, कोथिंबीर, खोबरं सगळं वगळून, म्हणजे ते पोहे राहतच नाहीत पण असो. चपाती एखादी मैद्याची किंवा बारीक चाळलेल्या कणकेची खाल्ली तर बहुतेक डॉक्टर काही म्हणत नाहीत. कोणी एकच दिवस आधी हे पथ्य सांगतं कोणी तीन दिवस, तुमच्या कागदावर जे आहे ते.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. एकादशी, नवरात्र, लग्नाचं जेवण, हुरडा पार्टी यांच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घेऊ नका. आणि उपास आहे म्हणून पोट रिकामंच आहे असं काही नसतं, उपासाच्या ताटात शेंगदाणे, राजगिरा, भगर, खजूर असतात, एरवीपेक्षा जास्तच.

आदला दिवस

सकाळी हलका नाश्ता, काही ठिकाणी दुपारी थोडं जेवण चालतं, त्यानंतर फक्त पातळ आणि आरपार दिसेल असं. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, इलेक्ट्राल, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप, सफरचंदाचा गाळलेला ज्यूस. किडनीचा त्रास असलेल्यांनी नारळपाणी विचारून प्यायचं, पोटॅशियम असतं त्यात. दूध, ताक, पेज, लस्सी हे पातळ असलं तरी यात बसत नाही. लाल-जांभळा रंग अजिबात नको, म्हणजे कोकम सरबत नाही, सोलकढी नाही, बीट नाही, लाल रंगाचं सरबत नाही, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो आणि डॉक्टरांचा उगाच गोंधळ होतो. उन्हाळा आहे म्हणून कोणीतरी प्रेमाने कोकम देतं हमखास.

दिवसभर पाणी भरपूर पीत राहा, नुसतं औषध सुरू झाल्यावर नाही. पोटात पाणी असेल तर डोकं दुखत नाही आणि दुसऱ्या दिवशी सलाईनसाठी शीर पण पटकन मिळते.

आणि घराची तयारी, याबद्दल कागदावर कोणी लिहीत नाही. तुमच्याकडे नळाला तासभरच पाणी येत असेल तर पिंप, बादल्या भरून ठेवा, ऐन वेळी पाणी गेलं की काय होईल कल्पना करा. घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांना सांगून ठेवा की संध्याकाळी ६ ते १० आणि पहाटे त्याच्यावर माझा हक्क. चाळीत सार्वजनिक संडास असेल किंवा घराबाहेर लांब असेल तर त्या रात्री कोणा नातेवाइकाकडे राहायला जा, आणि तेही शक्य नसेल तर हॉस्पिटलला विचारा, बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्री ॲडमिट करून तयारी करून घेतात. गावाहून येणाऱ्यांनी तर हे करायचंच. गावी औषध पिऊन पहाटेच्या एसटीने पुण्याला किंवा मुंबईला यायचं असा बेत काही लोक खरंच करतात, कृपया करू नका.

खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन संडासाजवळच ठेवा आणि पहिल्या वेळेपासून लावायला सुरुवात करा, आग व्हायला लागल्यावर नाही. पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. म्हातारं माणूस असेल तर रात्रभर दिवा चालू ठेवा, बाथरूमची फरशी कोरडी ठेवा, आणि कोणीतरी जागं राहा, कारण घाईत उठून चक्कर येऊन पडणं हा त्या रात्रीचा सगळ्यात मोठा धोका आहे. ॲडल्ट डायपर आणून ठेवायला काही कमीपणा नाही.

औषध प्यायचं तंत्र

आपल्याकडे सगळ्यात जास्त पीईजी पावडर देतात, पेगलेक वगैरे नावाने मिळते, एक पाकीट साधारण २ लिटर पाण्यात मिसळायचं असतं, पाकिटावरचं माप बघूनच करा. सल्फेटची छोटी बाटली देतात ती कमी प्यावी लागते पण तिच्यानंतर साधं पाणी भरपूर प्यायचंच असतं, ते टाळलं तर अंगातलं पाणी कमी होतं. सोडियम फॉस्फेटचं पण एक औषध असतं, ते प्यायला कमी म्हणून लोकांना आवडतं, पण किडनीला त्याचा धोका आहे, अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये फॉस्फेटच्या गोळ्यांवर मोठी चेतावणी छापायला लावली होती. किडनीचा, हार्टचा त्रास असेल किंवा वय जास्त असेल आणि कागदावर फॉस्फेट लिहिलेलं दिसलं तर फोन करून एकदा विचारा, आणि मेडिकलवाल्याने हे नाही ते घ्या म्हणून बदलून दिलं तर अजिबात घेऊ नका.

चव खारट, जरा बुळबुळीत. सकाळीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवा, थंड असलं की निम्मी चव कळत नाही. स्ट्रॉने प्या, जिभेच्या मागच्या बाजूला. घोट घोट करत बसू नका, दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, २०० ते २५० मिली, एका दमात. मधे लिंबाची फोड चाटा. साखर, मध, गूळ त्यात घालायचा नाही.

पहिल्या दोन-तीन ग्लासांपर्यंत काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं आपल्यावर चालत नाहीये वाटतं. चालतं. साधारण तासाभरात सुरू होतं, कोणाला जास्त वेळ लागतो, आणि एकदा सुरू झालं की मग मोबाईल चार्जर घेऊन जवळच बसायचं. मळमळ झाली, पोट फुगलं तर अर्धा तास थांबा, घरात फेऱ्या मारा, मग परत हळूहळू सुरू करा. उलटी झाली तर घाबरू नका पण हॉस्पिटलला फोन करा, राहिलेलं औषध सोडून देऊन झोपू नका. उलट्या थांबतच नाहीत, पोट खूप दुखतंय आणि खालून काहीच येत नाही असं झालं तर औषध बंद आणि लगेच डॉक्टर.

आता खरा मुद्दा. हल्ली औषध दोन भागात देतात, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. दुसरा भाग तपासणीच्या ५ तास आधीच्या सुमारास सुरू करायचा आणि किमान २ तास आधी संपवायचा. म्हणजे सकाळी १० ची वेळ असेल तर पहाटे ५ ला उठून प्यायला बसायचं आणि ७-७.३० पर्यंत संपवायचं, मग पाणी पण बंद. लोक नेमका हाच भाग टाळतात, रात्री एवढं झालंय आता काय राहिलंय म्हणून. पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव खाली येत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला, थर बसतो. चपटे पॉलिप तिथेच जास्त असतात. पहाटेचा डोस त्या थरासाठी आहे.

झालं की नाही कसं ओळखायचं? शेवटी शेवटी जे येतं ते लघवीसारखं पिवळट आणि आरपार दिसलं पाहिजे. तपकिरी आहे, गढूळ आहे, कण आहेत तर अजून साफ नाही. पिवळे बारीक कण एखाद-दुसरे असले तर चालतं. शंका असेल तर सकाळी निघायच्या आधी फोन करा किंवा गेल्या गेल्या नर्सला खरं सांगा, ते एनिमा देऊन बघतात किंवा वेळ पुढे ढकलतात.

तपासणीचा दिवस

बीपीची गोळी सांगितली असेल तर एका घोट पाण्याबरोबर. पान, तंबाखू, मिश्री, सुपारी, च्युइंगम काही नाही. सोनं, मंगळसूत्र घरी ठेवा, एका बोटाची नेलपॉलिश काढा कारण तिथे ऑक्सिजनचा चिमटा लावतात, कवळी असेल तर काढायची डबी बरोबर न्या. सैल कपडे, जादा अंडरपँट, जुने रिपोर्ट, आणि एक मोठं माणूस बरोबर. गुंगी दिल्यावर एकट्याला सोडत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना तर हे जास्तच अडतं, तिथे बरोबर कोणी नसेल आणि उबरने जाईन म्हटलं तर बहुतेक ठिकाणी तपासणीच करत नाहीत, म्हणून तिथे महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांची पाळी लावतात लोक.

आत गेल्यावर मागून उघडा गाऊन, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. बायकांना लेडी डॉक्टर किंवा निदान खोलीत बाई असावी वाटत असेल तर आधीच सांगा, पाळी चालू असली तरी तपासणी होते. दिवस गेलेत अशी शंका असेल तर मात्र सांगायलाच हवं. शिरेतून औषध गेलं की झोप, आणि उठल्यावर तुम्ही विचारता सुरू कधी करणार. काही ठिकाणी गुंगीशिवाय करतात, तेव्हा वळणांवर नळी जाताना पोटात कळ येते, दीर्घ श्वास घ्या आणि दुखलं तर बोला, ते हवा काढून थांबतात. मोठं आतडं दीड मीटरच्या आसपास असतं, नळी आधी शेवटपर्यंत नेतात आणि मग परत काढताना हळूहळू भिंत बघतात. बायोप्सीचा, म्हणजे लॅबमध्ये तपासायला पाठवायचा, तुकडा घेताना दुखत नाही, आतल्या अस्तराला ती जाणीवच नसते.

बायोप्सी म्हटलं की घरचे कॅन्सर म्हणून रडायला लागतात. आपल्याकडे आतड्याचा टीबी पण बऱ्यापैकी दिसतो आणि तो आणि क्रोहन (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार) हे कॅमेऱ्यात जवळजवळ सारखेच दिसतात, त्यासाठी पण तुकडा घ्यावा लागतो.

घरी आल्यावर

पोटात हवा भरलेली असते त्यामुळे फुगल्यासारखं वाटतं, कळा येतात. गॅस सोडायचा, दाबून धरायचा नाही, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. घरात चाला, कुशीवर पडा, गरम पाणी प्या. बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं.

२४ तास गाडी चालवायची नाही, स्कूटी पण नाही, दारू नाही, कुठल्या कागदावर सही नाही, पैशांचे व्यवहार नाहीत. आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं पण डॉक्टर काय म्हणाले ते नंतर आठवत नाही, म्हणून बरोबरच्या माणसाने ऐकून लिहून घ्या.

पहिलं जेवण हलकं, मऊ भात-वरण, दही-भात, इडली. लोक दिवसभराचा उपास सोडल्यासारखी मिसळ खातात आणि मग पोट बिघडलं म्हणतात. पॉलिप काढला नसेल तर दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण सुरू करता येतं. दोन-तीन दिवस संडासला झाली नाही तरी काही बिघडलेलं नाही, आत काही नाहीच तर येणार कुठून, लगेच चूर्ण घेऊ नका. बंद केलेल्या गोळ्या, विशेष करून रक्त पातळ करायची, परत कधी सुरू करायची हे निघायच्या आधी विचारून घ्या, हे राहून जातं आणि महिनाभर गोळी बंदच राहते असं होतं.

तुकडा घेतला असेल किंवा मूळव्याध असेल तर पुसताना थोडं रक्त दिसू शकतं. पण गाठीगाठीने किंवा भरपूर रक्त, वाढत जाणारी पोटदुखी, पोट कडक होणं, ताप, थंडी वाजणं, उलट्या, चक्कर, यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, इमर्जन्सीला जा. आतड्याला भोक पडणं फार दुर्मिळ आहे, साधारण हजारात एकापेक्षा कमी, पण पडलं तर तास मोजायचे असतात. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, तेवढे दिवस जड उचलायचं नाही, लांबच्या प्रवासाचं डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि अंगदुखीला मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या.

रिपोर्ट हातात आला की दोन ओळी शोधा. नळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोहोचली का, आणि तयारी कशी होती. काही ठिकाणी बोस्टन स्कोर लिहितात, ० ते ९, आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ मार्क, प्रत्येक भागाला किमान २ असतील तर तयारी चांगली. कमी असेल आणि रिपोर्ट नॉर्मल असेल तर परत कधी करायची ते विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट वेगळा येतो, काही दिवसांनी, तो आपण होऊन जाऊन आणायचा असतो, बऱ्याच ठिकाणी कोणी फोन करत नाही. आणि आतड्याचा कॅन्सर किंवा मोठा पॉलिप निघाला तर भावंडांना आणि मुलांना कळवा, त्यांची तपासणी साधारण चाळिशीत किंवा तुमचं निदान झालं त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू करतात.